मुलींची पाळी अनियमित का होते? आईने काय पाहावे, डॉक्टरांकडे कधी न्यावे

नववी-दहावीच्या मुलींच्या आया आम्हा शिक्षिकांना हळूच विचारतात, "टीचर, दोन महिने झाले, पाळीच आली नाही. काय करू?" मनात भीती रिश्त्याची असते. मग "शादी के बाद ठीक हो जाएगा" म्हणून गोष्ट दाबली जाते आणि उपचार लांबतात.

आधी हिशोब समजून घेऊ. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजावे. किशोरवयात 21 ते 45 दिवसांचे अंतर आणि 7 दिवसांपर्यंत रक्तस्राव नॉर्मल समजतात.

कारणे:

सुरुवातीची वर्षे: पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे दर महिन्याला स्त्रीबीज तयार होतेच असे नाही. त्यामुळे तारखा पुढे-मागे होतात. हा आजार नाही.

पीसीओएस: हार्मोन्सचे संतुलन बिघडते. पाळी लांबते, मुरुमं येतात, हनुवटीवर जाड केस येतात, बऱ्याच जणींचे वजन वाढते. उपचाराने हे आटोक्यात राहते आणि पुढे बहुतेकींना मूलही होते.

थायरॉईड: साध्या रक्त तपासणीत कळते.

वजन आणि ताण: उपाशी राहून डाएट, झपाट्याने घटलेले किंवा वाढलेले वजन, परीक्षेचे टेन्शन, यानेही पाळी थांबू शकते.

गोळ्या: रमजानचे रोजे पूर्ण व्हावेत किंवा घरात लग्न आहे म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात. डॉक्टरांना न विचारता त्या घेऊ नयेत. मधेच रक्तस्राव होऊन तारखा बिघडू शकतात. हैजमध्ये सुटलेले रोजे नंतर कजा करता येतातच, मग तब्येतीशी खेळ कशाला?

गर्भधारणा: लग्न झालेल्या मुलीची पाळी चुकली तर आधी ही तपासणी करावी.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- 15 वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नाही
- 90 दिवसांत एकदाही आली नाही
- 21 दिवसांच्या आत वारंवार येते
- 7 दिवसांपेक्षा जास्त चालते
- दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजते, चक्कर येते (अशा वेळी त्याच दिवशी जावे)

जास्त रक्त गेले की हिमोग्लोबिन उतरते, मुलगी थकते, अभ्यासात लक्ष लागत नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी म्हणूनच टाळू नये.

तपासणीचीही भीती नको. अविवाहित मुलीची सोनोग्राफी सहसा पोटावरूनच करतात. लेडी डॉक्टर मागता येते, आई सोबत थांबू शकते.

आजपासून एक करा. कॅलेंडरवर मुलीला स्वतः तारखांची खूण करू द्या. तीन-चार महिन्यांच्या त्या खुणा डॉक्टरांना खूप उपयोगी पडतात. आणि तिला सांगा, "बेटा, यात तुझी काही चूक नाही." एवढं ऐकलं की मुली मोकळेपणाने बोलतात, हा आमचा वर्गातला अनुभव आहे.