रविवार, रेल्वे आणि जुने स्नेही

शनिवारी दुपारचे काम आटोपून मुंबईहून पुण्यास जावे, एखाद्या शाळासोबत्याच्या घरी उतरावे, रात्री उशिरापर्यंत गप्पांचा फड जमवावा आणि रविवारी सायंकाळच्या गाडीने परत फिरावे, हा क्रम आम्हां मध्यम स्थितीतील लोकांस इतका परिचित झाला आहे की, तो अनादि काळापासून चालत आला असावा असेच वाटते. वस्तुतः मैत्री पुरातन असली, तरी मैत्रीसाठी करावयाचा हा दीड दिवसाचा प्रवास अगदी अलीकडचा आहे. त्याला दोन गोष्टी अवश्य लागतात: एक त्वरित वाहन, आणि दुसरी उभय स्नेह्यांस एकाच दिवशी लाभणारी सुटी. ह्या दोन्ही गोष्टी आमच्या समाजास कशा प्राप्त झाल्या आणि कोणास प्राप्त झाल्या नाहीत, ह्याचा विचार करणे उद्बोधक होईल.

प्रथम वाहनाचे पाहू. पूर्वी मुंबईकराने पुण्यास जावयाचे म्हणजे होडीतून पनवेल गाठावयाचे आणि तेथून पायी, तट्टावर किंवा पालखीतून बोरघाट चढावयाचा. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा वाट सुकर झाली. पण नुसत्या भेटीसाठी एवढा खटाटोप कोण करणार? लोक प्रवास करीत तो लग्नकार्यासाठी, यात्रेसाठी, दरबारी कामासाठी. मित्राची गाठ पडली तर ती त्या कामाच्या ओघात. पुढे १८५३ साली मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला, १८५६ साली गाडी खोपोलीस पोहोचली आणि १८५८ साली खंडाळा-पुणे हा वरचा मार्गही चालू झाला. मध्ये घाट मात्र उभाच होता. खाली एक गाडी, वर दुसरी गाडी, आणि मधली चढण पालखीने किंवा तट्टाने, अशी पाच वर्षे गेली. हजारो मजुरांनी कातळ फोडला, पटकीने व अपघातांनी त्यांतील कितीतरी दगावले, तेव्हा १८६३ साली घाटाचा मार्ग खुला झाला. सुमारे अठराशे फुटांची ती चढण आज आम्ही चहाचा पेला हाती घेऊन चढतो. तिच्या पायाशी कोणाचे श्रम आहेत ह्याची आठवण क्वचितच होते.

१९३० च्या जून महिन्यात दख्खनची राणी धावू लागली. तत्पूर्वीच घाटाच्या मार्गावर विजेची इंजिने आली होती. ही गाडी आरंभी रोजची नव्हती. आठवड्याच्या अखेरीस जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाशांवर दृष्टी ठेवून ती काढलेली होती. म्हणजे शनिवार-रविवारची सहल ही आता एवढी रूढ झाली होती की, रेल्वे कंपनीस तिच्यासाठी स्वतंत्र गाडी काढणे किफायतीचे वाटले. परंतु त्या गाडीस प्रथम व द्वितीय वर्गाचेच डबे असत. तिसऱ्या वर्गाचा उतारू तिच्यात चढू लागला तो १९५५ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

आता सुटीकडे वळू. आमच्या पंचांगात वार सात असले, तरी विश्रांती वाराने येत नसे, तिथीने येई. वेदपाठशाळांतून प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी असे अनध्याय असत; इतरांस सणवार आणि गावचा बाजार. रविवारची सुटी प्रथम इंग्रजी कचेऱ्या व शाळा ह्यांतून आली आणि कारकून, मास्तर, वकील ह्यांच्या वाट्यास ती विनासायास पडली. गिरणीतील कामगारास मात्र ती मागून आणि झगडून घ्यावी लागली. जोतीराव फुल्यांचे अनुयायी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ सालापासून ह्या मागणीचा पाठपुरावा केला, हजारो कामगारांच्या सह्या मिळविल्या आणि अखेर १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचाही वार. त्या दिवशी परळच्या चाळीतला कामगार लालबागच्या चाळीतल्या आपल्या गाववाल्यास भेटू लागला. त्याची सहल दोन कोसांचीही नव्हती. पण जुन्या सोबत्याजवळ गावची पीकपाण्याची वार्ता ऐकण्यात जे सुख आहे, ते पुण्यास जाणाऱ्या पदवीधराच्या सुखाहून उणे कसे म्हणावे?

अंतर नाहीसे झाले म्हणजे भेटी होतातच, असेही नाही. टिळक व आगरकर हे डेक्कन कॉलेजातील जिवलग मित्र. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस त्यांनी बरोबरीने काढले. पुढे मतभेद विकोपास गेले आणि एकाच पुण्यात राहून दोघे परस्परांस दुरावले. १८९५ साली आगरकर निवर्तले. असल्या अंतरावर कोणतीही आगगाडी धावत नाही.

पण ह्याहूनही मोठे एक अंतर आमच्या घरातच आहे. विवाहाबरोबर मुलीचे गाव बदलते आणि तिच्या मैत्रिणी दहा दिशांस पांगतात. सणाला माहेरी जाणे रीतीस धरून होते. केवळ बालमैत्रिणीस भेटण्यासाठी परगावी जाणे ही गोष्ट कोणत्याच रीतीत बसत नसे. जात्यावरच्या ओव्यांतून मैत्रिणीची आठवण वारंवार येते ती ह्याचमुळे. पुरुषांच्या मैफली ज्या रविवारी रंगत, त्याच रविवारी घरातील स्त्रीच्या चुलीवर आधण अधिक चढे. पाहुण्यांची तिसरी फेरी चहाची, मग पोहे, मग साग्रसंगीत जेवण. गिरणीकामगारासाठी लोखंडे उभे राहिले. ह्या घरच्या रविवारासाठी कोण उभे राहिले?

२००२ सालापासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला आहे आणि दख्खनची राणीही धावतेच आहे. मार्गाचा प्रश्न सुटला आहे. सुटीचा मात्र पुन्हा अवघड होऊ पाहत आहे. कोणाचा विश्रांतीचा वार मंगळवार, कोणाचा गुरुवार. रविवारीही कचेरीचा निरोप खिशात वाजत असतो. समाईक सुटी ही मैत्रीची भूमी आहे, आणि ती मोठ्या सायासाने मिळाली आहे, हे विसरून चालणार नाही. ती राखावयाची तर ती सर्वांची असली पाहिजे. म्हणून पुढच्या शनिवारी ज्यांच्या घरी स्नेही जमणार आहेत, त्यांनी चहाचे आधण स्वतः ठेवावे. आणि घरातील गृहिणीस तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचे पत्र आले असेल, तर त्याच सकाळच्या गाडीचे एक तिकीट तिच्या हाती द्यावे.