झरी परिसरातील तरुणांचे मानसिक आरोग्य

झरी हे पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्यातील गाव. डहाणू-तलासरी पट्ट्यात अनेक आदिवासी मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. पाड्यापासून दूर राहणे, प्रमाण मराठीत शिकावे लागणे, नापास होण्याची भीती आणि आईवडील वीटभट्टीवर स्थलांतरित असणे, या ताणांनी कोवळे मन एकटे पडते. त्याकडे हट्ट किंवा आळस म्हणून पाहणे फार चुकीचे आहे.

असा ताण जिवावरही बेतू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या आकडेवारीनुसार 15 ते 29 वयोगटातील मृत्यूंचे आत्महत्या हे तिसरे मोठे कारण आहे. तिच्यामागे एकच कारण क्वचितच असते. मूल गप्प होणे, जेवण-झोप बिघडणे, ‘मी नकोसा झालोय’ असे बोलणे, आवडीच्या वस्तू वाटून टाकणे, या धोक्याच्या खुणा समजाव्यात. आत्महत्येविषयी थेट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही; उलट बोलायला वाट मिळते. मग मुलाला एकटे सोडू नये, ऐकावे, उपदेश टाळावा आणि डॉक्टरांकडे न्यावे. घरचे आधी भगताकडे गेले, तरी त्यांना दटावू नये. दवाखान्याची वाट मात्र सुटू देऊ नये.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरून शिक्षेऐवजी उपचार व पुनर्वसन द्यायचे असते. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली ‘टेली मानस’ ही दूरध्वनी समुपदेशन सेवा 14416 या क्रमांकावर मोफत, चोवीस तास, मराठीतही मिळते. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत समुपदेशक नेमण्याचे निर्देश दिले. आश्रमशाळेत या भागातील वारली बोली जाणणारा समुपदेशक असणे सर्वांत मोलाचे.