गुळवेलीची ओळख

वऱ्हाडांत कडुनिंबाचें झाड आणि त्यावर चढलेली गुळवेल हें दृश्य कोणास नवें नाहीं. अमरावतीच्या राजापेठेसारख्या गजबजलेल्या वस्तींतहि एखाद्या परसांतील निंबावर ती दिसावयाची. अंगांत ताप मुरला कीं तिच्या बोटभर जाड कांडाचा काढा करावा, हा घरोघरचा परिपाठ. परंतु नित्य परिचयाच्या वस्तूची ओळखच पुष्कळदां अपुरी असते.

प्राचीन वैद्यांनीं तिला दिलेलीं नांवें म्हणजे तिच्या खुणाच होत. तोडली तरी पुन्हां फुटते म्हणून छिन्नरुहा. कांड आडवें कापल्यास चाकासारखी आकृति दिसते म्हणून चक्रलक्षणा. आणि गुणावरून अमृता. चरकानें चार मेध्य रसायनांत तिच्या रसाची गणना केली. रावणवधानंतर इंद्रानें वानरांवर अमृत शिंपिलें, त्याचे थेंब पडले तेथें ही वेल उगवली, अशी कथा सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत आहे.

पाश्चात्यांस ही वेल दाखविली ती येथील जाणत्यांनींच. डच अधिकारी व्हान र्‍हीड यानें मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत प्रसिद्ध केला. इट्टी अच्युतन् हा मलयाळी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोंकणीभाषी वैद्य त्याचे साहाय्यक होते. त्या तिघांचें १६७५ सालचें नागरी लिपींतील निवेदन पहिल्या खंडांत छापलेलें आहे. गुळवेलीचें चित्र सातव्या खंडांत आलें. पुढें विल्डेनो या जर्मन शास्त्रज्ञानें १८०६ सालीं, पान हृदयाकृति म्हणून, तिला ‘कॉर्डिफोलिया’ हें नांव दिलें. १८६८ च्या सरकारी औषधकोशांतहि तिला स्थान मिळालें.

तिच्या भावंडांमुळें मात्र घोटाळा होतो. चीनमध्यें ‘कुआन-जिन-तंग’, म्हणजे आखडलेल्या शिरा सैल करणारी वेल, या नांवानें संधिवातावर वापरतात ती ‘सायनेन्सिस’ ही जात. तिचीं पानें लवदार, तर गुळवेलीचीं गुळगुळीत. ‘क्रिस्पा’ या तिसर्‍या जातीच्या कांडावर ठळक फोडांसारखे उंचवटे असतात, आणि तिच्या फुलास सहाऐवजीं तीनच पाकळ्या असतात.

२०२० च्या महामारींत काढ्यास एकाएकीं महत्त्व आलें. ज्यांनीं कधीं वेल पाहिली नव्हती, तेहि ती आणून महिनोन्‌महिने घेऊं लागले. २०२१ सालीं मुंबईच्या डॉक्टरांनीं गुळवेल घेतल्यावर यकृतास सूज आलेल्या सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. दुसर्‍या जातीशीं गफलत झाली असावी, असें आयुष मंत्रालयाचें म्हणणें पडलें. परंतु २०२२ सालीं निरनिराळ्या शहरांतील ४३ रुग्णांचा वृत्तांत आला. त्यांतील अनेकांच्या शरीरांत स्वतःच्याच पेशींवर उलटणार्‍या प्रतिकारशक्तीच्या खुणा आढळल्या. प्रतिकारशक्ति चेतवावी म्हणून घेतलेलें औषध अशा प्रकृतीस बाधक ठरूं शकतें.

यावरून गुळवेल त्याज्य ठरत नाहीं, किंवा ती निरपवाद अमृतहि ठरत नाहीं. आयुर्वेदानें औषधासंगें रोग्याची प्रकृति, बल व काल हीं पाहावयास सांगितलीं आहेत. वेल ओळखणें हें अर्धें काम. ज्यास ती द्यावयाची त्यास ओळखणें हें उरलेलें अर्धें. दारच्या निंबावरून कांड तोडण्यापूर्वीं, विशेषतः यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीचा विकार असलेल्यांनीं, जाणत्या वैद्यास वा डॉक्टरास विचारणें हेंच शहाणपणाचें होय.