सरणापाशी उभा राहणारा बौद्धाचार्य

पारोळ्यात आमच्या बौद्धांतलं कोणी गेलं की लोक भन्ते शोधत बसत नाहीत, बौद्धाचार्याला निरोप धाडतात. तो मी. पोटापाण्याला मास्तरकी केली. पांढरा सदरा घालायचा, त्रिशरण-पंचशील द्यायचं, अनिच्च गाथा म्हणायची.

आमच्या आजोबांनाही गावच्या मरणात काम होतं, पण महारकीच्या वतनाचं. मयताचा सांगावा परगावी पोचवायचा, सरणाची लाकडं वाहायची. बदल्यात प्रेतावरच्या कापडाचा हक्क. ती वतनं कायद्याने १९५८ नंतर गेली. मनातून ती १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेलाच सुटली होती. तिथल्या बावीस प्रतिज्ञांतली सहावी श्राद्ध-पिंडदान नाकारते, आठवी ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करून घेणं. मग माणूस गेल्यावर करायचं काय? ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर खुद्द बाबासाहेबांना बौद्ध पद्धतीने अग्नी दिला गेला. भदन्त आनंद कौसल्यायनांनी तिथेच जमलेल्यांना दीक्षा दिली. पण खेडोपाडी भन्ते कुठून आणणार? बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापलेल्या भारतीय बौद्ध महासभेने संसारी माणसंच शिकवून उभी केली.

म्हाताऱ्यांना ते पटायला वेळ लागला. आजी विचारायची, "पिंड नही, कावळा नही, मंग जीव कथा जाई?" जलदानविधी त्या पोकळीत आला: पाण्याची संथ धार ताटलीत सोडायची, केलेलं पुण्य मृताच्या नावे वाटायचं. काही कार्यकर्ते त्याला मागच्या दाराने आलेला पिंड म्हणतात. मी तो करतो; मात्र पाणी मेलेल्याला प्यायला नाही, हे दरवेळी मोठ्याने सांगतो. कर्ज काढून पंगत घालू नका, हेही.

अंत्यविधी हे एका वर्गाचंच काम झालं की काय होतं, ते जपानात दिसतं. तिथे तोकुगावा राजवटीत प्रत्येक घराला एखाद्या बौद्ध देवळात नाव नोंदवावंच लागे. भिक्षू आणि अंत्यविधी यांची गाठ त्यातून घट्ट झाली. आता घरं शहरांकडे गेली, नातं विरलं. २०१५ च्या सुमारास भिक्षू अ‍ॅमेझॉनवरही मागवता येऊ लागला आणि तिथल्या बौद्ध महासंघाने आक्षेप घेतला. आमच्याकडे बौद्धाचार्याची गादी वारशाने मिळत नाही, आणि हीच आपली ताकद आहे असं मी मानतो. म्हणून कोणी पाकीट पुढे केलं की ते विहाराच्या पेटीत टाकायला लावतो. मरणावर पोट भरणारा नवा वर्ग आपल्यात तयार होता कामा नये.

उणीव आहे ती बायकांची. लेक बापाला अग्नी देते, पण गाथा म्हणायला बाई पुढे आली की पुरुष चुळबुळतात. शिबिरात शिकून तयार झालेल्या बाया गावात आहेत. पुढच्या मयतीला त्यांनाच पुढे करायचं मी ठरवलं आहे, आणि तसं विहाराच्या बैठकीत सांगितलंही आहे.