कोंड्याचा मांडा

मराठीत काटकसरीला म्हणींचा तोटा नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, थेंबे थेंबे तळे साचे, ही वचने पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्‌गत आहेत. परंतु या सर्वांत 'कोंड्याचा मांडा करणे' हा वाक्प्रचार अधिक बोलका आहे. मांड्याला सपिटासारखे बारीक पीठ लागते. कोंड्याचा मांडा होणे ही वस्तुतः अशक्य गोष्ट. ती जी करून दाखवते तिला भाषेने सुगरण ठरविले. या गौरवामागे एक जबाबदारी लपलेली आहे. कोंडा घरात का उरला, हा प्रश्न बाजूला राहतो आणि त्याचा मांडा करण्याचे काम मात्र एका विशिष्ट व्यक्तीकडे सोपविले जाते.

घरखर्चातील काटछाट हा एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक चर्चेचा विषय झाला, तो शेतकऱ्याच्या कर्जाच्या निमित्ताने. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. रयत लग्नकार्यात पैसा उधळते म्हणून कर्जात बुडते, असे मत त्या काळी राज्यकर्त्यांत आणि सुशिक्षितांत रूढ होते. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मात्र या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने मोठा असला तरी असे प्रसंग क्वचित येतात. अन्नधान्य, बी-बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार घ्यावी लागणारी लहानलहान कर्जेच साठत जातात, असा त्या विवेचनाचा आशय होता.

जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात हाच आरोप अधिक तीव्रतेने खोडून काढला. त्यासाठी त्यांनी शेतकऱ्याचे घर, त्याचे वस्त्र, त्याचे रोजचे अन्न यांचे तपशीलवार वर्णन केले. ज्याच्या घरात कमी करण्यासारखे काही उरलेलेच नाही, त्याला मितव्ययाचा उपदेश करण्यात अर्थ नाही, हे त्या वर्णनातून आपोआप सिद्ध होते. याच फुल्यांनी 1873 मध्ये स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना, अल्प खर्चात विवाह लावण्याचा मार्गही दाखविला. या दोन भूमिकांत विसंगती नाही. खर्च कमी करावा, पण तो कोणाच्या लाभासाठी होत आहे हे ओळखून, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे.

शेतकऱ्याच्या घरानंतर मध्यमवर्गीय घराचा हिशेब पाहू लागलो की स्त्रियांच्या आत्मचरित्रांना पर्याय उरत नाही. धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' 1915 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचे 'माझे पुराण' 1944 मध्ये. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत. हिंगण्याच्या आश्रमासाठी कर्वे यांनी आपल्या आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही देऊन टाकली. पतीच्या दृष्टीने तो कर्तव्यपूर्तीचा क्षण होता. मुलांच्या भवितव्याची काळजी मात्र पत्नीच्या वाट्याला आली. संस्थेच्या इतिहासात त्यागाची नोंद एकाच नावावर होते. घरातली ओढाताण दुसऱ्या नावावर राहते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये (पहिला भाग 1934) हीच ओढाताण विनोदाच्या अंगाने येते. हातचा पैसा सहज देऊन टाकणारे कवी-पती आणि उद्याच्या चुलीचा विचार करणारी पत्नी यांच्यातील तो संवाद आहे. लक्ष्मीबाई तक्रार करीत नाहीत, पण लपवूनही ठेवीत नाहीत. त्यांच्या हसण्यामुळे अभाव हलका होत नाही, सांगण्याजोगा होतो.

पुढे काटकसर सक्तीची झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि घराच्या डब्यातील मापाला सरकारी कार्डाची मर्यादा पडली. आता पैसे असूनही हवे तेवढे धान्य मिळेना. स्वयंपाकघर आणि शासन यांचा संबंध प्रथमच रोजचा झाला.

या संबंधाचे राजकीय रूप 1972 च्या दुष्काळानंतर प्रकट झाले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने वेगवेगळ्या पक्षांच्या स्त्रिया महागाईविरुद्ध एकत्र आल्या. हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवीत हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. या मोर्च्याचे साधनच अर्थपूर्ण होते. ज्या लाटण्याने कोंड्याचा मांडा लाटायचा, तेच लाटणे आता कोंड्याचा जाब विचारीत होते. तेल, साखर, धान्य आणि रॉकेल यांचे भाव हा आपल्या हातोटीचा नव्हे, तर राज्याच्या धोरणाचा प्रश्न आहे, असे त्या स्त्रिया सांगत होत्या.

काटकसर हा सद्‌गुण आहे यात शंका नाही. तथापि सद्‌गुणाचाही इतिहास असतो आणि तो लिहिताना तो कोणी सांगितला व कोणी पाळला, हे दोन रकाने वेगळे ठेवावे लागतात. सरकारी अहवाल, फुल्यांचा निबंध, दोन स्त्रियांच्या आठवणी आणि एक मोर्चा यांतून हे रकाने हळूहळू भरत जातात. घरातले सर्व जेवल्यानंतर जी शेवटी पानावर बसली, तिच्या ताटात काय उरले होते, याची नोंद मात्र फारच थोड्या ठिकाणी सापडते. जिथे सापडते, तिथे मराठी गद्य अत्यंत साधे आणि अत्यंत खरे झाले आहे.