धावड्याचा आख ते पिकअपचा ॲक्सल

धावड्याला इंग्रजांनी ‘ॲक्सलवुड’ म्हटले, म्हणजे आखाचे लाकूड. माणिकगडच्या डोंगरांत सागाच्या जोडीने हे झाड उभे असते आणि त्याचे चिवट, जड लाकूड बैलबंडीच्या आखाला वापरत. आख स्थिर, चाक त्याच्याभोवती फिरणार. चाकाच्या मधला तुंबा आखावर घासत राहणार आणि वंगण आटले की दोन्ही झिजणार. डोंगरउतारावर आख मोडणे काही नवलाचे नव्हते. पण नवा आख उभा होता तो शेजारच्याच जंगलात, आणि तासायला वाकस धरणारा सुतार गावातच होता. जुन्या मालवाहू जीपला किंवा पिकअपला मागचा भारी ॲक्सल बसवण्याच्या आजच्या खटाटोपाकडे मी या आखापासूनच बघतो. आख मजबूत केला म्हणून गाडी मजबूत होत नाही. मोडण्याची जागा तेवढी पुढे सरकते, आणि दुरुस्ती गावापासून आणखी एक मजल लांब जाते.

लाकडाचा आख गेला तो केवळ लोखंड सरस म्हणून, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. याच डोंगरांतला जिवती ज्या राजुऱ्यातून पुढे वेगळा तालुका झाला, तो राजुरा निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि 1959 मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. आदिलाबादच्या गोंड-कोलामांवर राखीव जंगलाच्या निर्बंधांचा केवढा जाच होता, हे मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात नोंदवून ठेवले आहे. झाड तोडणेच गुन्हा ठरत गेले, तर धावड्याचा आख फुकटचा कसा राहील? लोखंडी आख आला तो लोहाराच्या भात्यावरून किंवा बाजारातून. तो सहजी मोडेना, मग ताण आला आऱ्यांवर आणि तुंब्यावर. डनलॉपने 1936 मध्ये बंगालमधल्या साहागंजला टायरचा कारखाना काढला. पुढे बंडीला हवेचे टायर आणि बेअरिंगचा आख लागला, चाक हलके फिरू लागले आणि त्याबरोबर माल वाढला. बैल मात्र तोच होता. चढाला ओढायचे आणि उताराला रेटून धरायचे ओझे शेवटी त्याच्याच मानेवर आले.

मोटारीचा ॲक्सल हे त्याच कथेचे पुढचे प्रकरण. महिंद्राने 1940 च्या दशकाच्या शेवटी विलीज जीप मुंबईत जोडायला घेतली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा मागचा ॲक्सल ‘फुल फ्लोटिंग’ होता: गाडीचे वजन हौसिंग पेलते आणि आतला दांडा फक्त चाक फिरवतो. दांडा तुटला तरी चाक जागेवर राहते. युद्धानंतरच्या नागरी जीपला लवकरच ‘सेमी फ्लोटिंग’ ॲक्सल आला. त्यात एकच दांडा वजनही झेलतो आणि फिरवतोही, त्यामुळे तो तुटला की चाकच निसटू शकते. हलक्या मालवाहू गाड्यांत बहुधा हीच रचना असते. कापसाची बोंदरी लादून घाट उतरणाऱ्याला हा फरक पुस्तकी वाटणार नाही. म्हणून भारी ॲक्सल शोधण्यात मला खुळेपणा दिसत नाही. पण तो उचलून खाली लावला, असे होत नाही. दोन चाकांमधले अंतर जुळायला हवे, पाट्यांच्या बैठका जुळायला हव्यात, प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि कोन जुळायला हवा. गाडी फोर-व्हील असेल तर मागच्या क्राऊन-पिनियनचे गुणोत्तर पुढच्याइतकेच लागते, नाहीतर कोरड्या रस्त्यावर पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडत राहतात. हे सगळे जमले तरी चासी, पाटे, पुढचे ब्रेक आणि स्टिअरिंग राहते जुनेच.

कोणी म्हणेल, डोंगरातल्या शेतकऱ्याला ही चिकित्सा परवडत नाही. फेऱ्या निम्म्या झाल्या तर डिझेल वाचते. गणित खरे आहे आणि लोभाचे म्हणून ते झटकून टाकता येणार नाही. मात्र फेरी वाचते ती जादा माल भरूनच, आणि उतारावर तो जादा माल थांबवायचे काम ॲक्सलचे नसते. दुसरा आक्षेप असा की सरकारनेच 2018 मध्ये ट्रकच्या एका आसावरची भारमर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली, मग लहान गाडीवाल्यानेच काय पाप केले? फरक असा की ती मर्यादा चार टायरच्या आसासाठी आहे, आणि तिथेही निर्मात्याने ठरवलेली क्षमता ओलांडता येत नाही. आमच्या बंडीवाल्याने तरी आख बदलताना कोणाला विचारले होते, हा तिसरा प्रश्न मला सर्वांत वजनदार वाटतो. त्याने विचारले नाही हे खरे. पण त्याच्या गाडीला ताशी साठची गती नव्हती, आणि जास्त भरल्याची खूण बैल आधीच जागेवर थांबून देत असे. पिकअपचे इंजिन तशी खूण देत नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि कलम 194 खाली जादा भाराला वीस हजार रुपये दंड असून वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार वेगळे. मागे कितीही भारी ॲक्सल बसवला, तरी आरसी पुस्तकात छापलेला एकूण वजनाचा आकडा आपोआप वाढत नाही.