रेघांचा हिशेब

संगणकावर कोष्टक करताना आकडे उजवीकडे सरकवायचे, दशांशचिन्हाखाली दशांशचिन्ह आणायचे, ही शिस्त आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याआधीचे हिशेब गबाळेच असणार असे आपण धरून चालतो. दशमान नाणी येण्यापूर्वीच्या मोडी हिशेबाचा कागद पाहिला तर हा समज टिकत नाही. आकड्यांची सरळ रांग ही सुबकपणाची नव्हे, तर दशमान पद्धतीची गरज आहे. आकड्याचे मोल त्याच्या जागेवर सोपवले की ती जागा जिवापाड सांभाळावी लागते. जुन्या हिशेबनिसाने रुपयाखालच्या रकमेचे मोल जागेवर सोपवलेच नव्हते. ते त्याने खुणांत ठेवले होते.

या खुणा साध्या होत्या. रुपयाच्या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. आडवी रेघ एका आण्याची. सत्तावीस रुपये अकरा आणे लिहायचे तर २७ पुढे दोन उभ्या आणि तीन आडव्या रेघा. पाच रुपये एक आणा लिहिताना मधले पावल्यांचे, म्हणजे चार-चार आण्यांचे, घर रिकामे राहते. तिथे अवग्रहासारखी खूण करून ते घर मुद्दाम रिकामे आहे हे दाखवत. कोष्टकातला रिकामा रकाना म्हणजे शून्य की माहिती नाही, यावर आजही कार्यालयांत घोळ होतो. तेव्हाच्या कारकुनाकडे त्याचे अर्धे उत्तर तयार होते. रकमा ओळीत थोड्या मागेपुढे सरकल्या तरी अर्थ बिघडत नसे. युनिकोडने २००९ मध्ये या रेघांना आणि त्या रिकाम्या घराच्या खुणेलाही स्वतंत्र संकेतांक दिले, मोडी लिपीला मात्र त्यासाठी २०१४ पर्यंत थांबावे लागले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जन्मभर गोळा केलेल्या कागदांसारखा कागद वाचायचा तर नुसती अक्षरओळख पुरत नाही, रेघाही वाचता याव्या लागतात.

रेघांच्या या पद्धतीवर पहिला आक्षेप सावकारीचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचे दिवस आणले, खानदेशात कापसाबरोबर उधारीही वाढली, आणि ज्याला वाचताच येत नाही त्याच्यापुढे असल्या रेघा म्हणजे फसवणुकीला मोकळे रान. दोन रेघांची तिसरी करायला लेखणीचा एक फटकारा पुरे. आक्षेप खरा आहे, पण तो रेघांपुरता नाही. दशांशचिन्ह एक घर सरकवायलाही फटकाराच लागतो, आणि कुळाला वाचता येत नव्हते हे दुखणे कोणत्याही लिपीने बरे झाले नसते. पेढीवाल्यांना मात्र आपल्या खुणांचा हा कच्चेपणा ठाऊक होता. म्हणून हुंडीत रक्कम आकड्यात आणि अक्षरी तर असेच, शिवाय तिची निमपट सांगून त्याची दुप्पट असेही लिहीत. शंभराची हुंडी म्हणजे पन्नासाची दुप्पट. आकड्याच्या रूपावर पहारा बसवला होता तो शब्दांचा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बेरीज दशमानातच सोपी. हे नाकारण्यात अर्थ नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी घोकण्यात मुलांची वर्षे जात, आणि ती ओझी १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आल्यानंतर हळूहळू उतरली. पण सोपेपणा फुकट मिळाला नाही. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. सरकारी कोष्टकात अर्धा किंवा त्याहून कमी अंश सोडायचा, जास्त असेल तर पुढचा पैसा धरायचा असे ठरले; त्यामुळे एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२ आणि तीन आण्यांचे १९. सहा आणि बारा अठरा! आण्यांत जुळणारी बेरीज पैशांत एकाने चुकू लागली. उभा रकाना तपासणाऱ्याला ही चूक कारकुनाची की कोष्टकाची, हे कळायला मार्ग नव्हता. शब्दप्रक्रियेतला दशांश टॅब याच जगाचा वारस: तो बिंदूखाली बिंदू आणतो, पण बिंदूच्या उजवीकडे शंभरावे भाग आहेत की आणखी काही, हे त्याला कळत नाही.

जळगाव-धुळ्यात आजही या न कळण्याची प्रचिती येते ती जमिनीच्या आकड्यांत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. बोलणे, वाटणी, सौदा एकर-गुंठ्यात. एकराचे गुंठे चाळीस. दोन एकर तीस गुंठे कोणी घाईत २.३० असे टाइप करतो, एक एकर वीस गुंठे १.२०. यंत्र बेरीज देते ३.५०, आणि वाचणारा साडेतीन एकर समजतो. जमीन असते चार एकर दहा गुंठे. फरकाच्या तीस गुंठ्यांचा धनी कोष्टकावर विसंबला तर भावकीत तंटा उभा राहतो. आकडे उजवीकडे कितीही काटेकोर लावले तरी ही चूक झाकलीच जाते, उलट ती जास्त विश्वासार्ह दिसते. पूर्वी एकर आणि गुंठे दोन वेगळ्या रकान्यांत लिहीत, आणि संगणकावरही तेच करणे शहाणपणाचे.

लाख-कोटींचे स्वल्पविराम ही याच घराण्यातली बाब. १२,३४,५६७ हा आकडा आपण वाचतो तसा तोडलेला आहे. १,२३४,५६७ वाचायला मनात परत मांडावा लागतो. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झालेली विप्रो पुढे जगाला संगणकप्रणाली पुरवू लागली, तरी आपल्या पतपेढीच्या अहवालात तीन-तीनचे गट पडतात, कारण संगणकातली प्रांतिक मांडणी ‘भारत’ करायची कोणी तसदी घेत नाही. ती एकदाच बदलावी लागते.